कात्रणाची पाठ
वाचकांचे प्रश्न : कोकण किनाऱ्याची जुनी वृत्तपत्री छायाचित्रं

जुन्या रत्नागिरी आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांतल्या वृत्तपत्रांतली छायाचित्रं घरात असतील तर त्यांच्याविषयी विचारा, असं मागच्या अंकात लिहिलं होतं. पत्रं भरपूर आली. ज्यांची उत्तरं इतरांनाही उपयोगी पडतील असे प्रश्न आधी घेतले आहेत. मी रत्नागिरीच्या एका साप्ताहिकाच्या छापखान्यात खिळे (छपाईची शिशाची अक्षरं) जुळवण्यापासून सुरुवात केली आणि पुढे त्याच साप्ताहिकात उपसंपादक झालो. त्यामुळे छायाचित्र म्हटलं की मला आधी त्याचा ठोकळा, म्हणजे लाकडावर बसवलेला छपाईचा पत्रा, आठवतो. माझ्या उत्तरांतही तो वारंवार येईल.

प्रश्न : आजीच्या ट्रंकेत एक फाटकं कात्रण सापडलं. मागे बोट उभी आहे, पुढे माणसांनी भरलेला पडाव (किनाऱ्यावरून बोटीपर्यंत नेणारी होडी) आणि त्यात एकजण उभा आहे. खाली ‘बंदरावरील गर्दी’ एवढीच ओळ. वर कोपऱ्यात ‘जुलै’ वाचता येतं, वर्ष फाटलं आहे. आजी म्हणते, हे दाभोळ आहे आणि उभे आहेत ते आजोबा. साल आणि ठिकाण कळेल का? सोबत कात्रणाच्या दोन्ही बाजूंचे फोटो पाठवत आहे. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : दोन्ही बाजूंचे फोटो पाठवलेत हे फार चांगलं केलंत. बहुतेकजण चित्राची बाजू पाठवतात, आणि साल तर पाठीवर लिहिलेलं असतं.

तुमच्या कात्रणाच्या पाठीवर एका काढ्याची जाहिरात आहे, बाटलीची किंमत बारा आणे. दशमान नाणी 1 एप्रिल 1957 ला आली. जुनी नाणी त्यानंतरही काही काळ चालली, पण छापील किंमतीत ‘नये पैसे’ लवकर दिसू लागले. तेव्हा अंक त्याच सुमाराचा किंवा त्याआधीचा. जाहिरातीखाली बाजारभाव आहेत, तांदूळ मणावर आणि तूप शेरावर. म्हणजे किलो अजून आलेला नाही. खालच्या कोपऱ्यात अर्ध्या कापलेल्या सूचनेत ‘मुंबई राज्य परिवहन’ ही अक्षरं आहेत. राज्य परिवहनाची पहिली गाडी 1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर धावली. दोन्ही टोकं जुळवली की अंक 1948 ते 1957 च्या दरम्यानचा ठरतो. पाठीवर एखादा गाजलेला निकाल किंवा निवडणुकीची बातमी असती तर नेमकं वर्षही सांगता आलं असतं.

आता ‘जुलै’विषयी. कोकणची बोट पावसाळ्यात बंद असे. जूनच्या तोंडाला शेवटची फेरी व्हायची आणि पाऊस ओसरल्यावर बंदरं पुन्हा उघडायची. जुलैत उघड्या किनाऱ्यावर पडाव घालून उतारू बोटीवर चढवणं शक्यच नव्हतं. म्हणजे अंक जुलैचा असला तरी चित्र जुलैचं नाही. संपादकांकडे बंदराचा एक ठोकळा तयार होता, ‘यंदा बोट कधी सुरू होणार’ अशा एखाद्या मजकुरासोबत तो लावला. हे सर्रास व्हायचं. आमच्याकडे लाकडी खणांचं एक कपाट होतं, त्यात ठोकळे नावानिशी ठेवलेले असत, आणि एकदा करून घेतलेला ठोकळा दहा-दहा वर्षं वापरला जाई. म्हातारपणी वारलेल्या पुढाऱ्याच्या मृत्युलेखात त्यांचा काळ्याभोर केसांचा चेहरा छापलेला दिसतो तो यामुळेच. अंकाची तारीख म्हणजे चित्राची तारीख नव्हे, हे कोकणातलंच काय, कुठलंही जुनं वृत्तपत्र चाळताना लक्षात ठेवा.

ठिकाणाबाबत मात्र मला आजींपेक्षा वेगळं दिसतं. बोटीच्या मागे पाण्यात एक लांबट, सपाट माथ्याची तटबंदी आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना समुद्र दिसतो. दाभोळला असं दिसायचं नाही. तिथे वाशिष्ठीचं मुख आहे, पलीकडे अंजनवेलची टेकडी आणि तीवर गोपाळगड. पाण्यात एकटा उभा असलेला हा किल्ला सुवर्णदुर्ग, आणि बंदर हर्णै. आपल्या किनाऱ्यावर छायाचित्र ओळखण्याची ही सर्वांत भरवशाची खूण आहे. माणसं बदलतात, घरं कौलारूची स्लॅबची होतात, किल्ला जागचा हलत नाही. मालवणला सिंधुदुर्ग, मुरुडला जंजिरा, विजयदुर्गला खाडीच्या तोंडावरचे चढते तट, रत्नागिरीला रत्नदुर्गाचं भूशिर आणि त्यावरचं दीपगृह. डोळ्यांना त्यांची सवय झाली की ओळ खाली काहीही असो, बंदर ओळखू येतं.

एक पडताळा तरीही करायचा. ठोकळा करताना निगेटिव्ह पालथी पडली तर अख्खं चित्र आरशातल्यासारखं उलट छापलं जातं. तुमच्या पडावातल्या नऊवारीतल्या बाईचा पदर डाव्या खांद्यावर आहे, म्हणजे चित्र सुलट आहे.

राहिले आजोबा. पडावात उतारू बसलेले असत, ट्रंका-वळकट्या पायांशी घेऊन. लाटेवर उभा राहतो तो पडाववाला. भिंगातून पाहिलं तर त्या माणसाच्या हाताशी एक तिरकी काठी दिसते, ती वल्ह्याची किंवा बांबूची असावी. चेहरा जेमतेम पंधरा-वीस ठिपक्यांचा आहे, त्यावरून कोणीच काही ठरवू शकणार नाही. पण आजींचं म्हणणं बाजूला सारू नका. लग्नाआधी आजोबा हर्णैच्या बाजूला कामाला होते का, कुणा नातेवाइकाचा पडाव होता का, हे त्यांना विचारा. गावाचं नाव स्मरणात सरकतं, माणूस सहसा सरकत नाही.

प्रश्न : वडिलांनी जपलेल्या दोन कात्रणांत ‘शिरोडे, जि. रत्नागिरी’ असं छापलं आहे. हा छापखान्याचा दोष का? (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : नाही, बरोबर आहे. सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 ला झाला, तोवर वेंगुर्ले, मालवण, देवगड, कणकवली सगळं रत्नागिरीत होतं. 12 मे 1930 चा शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह म्हणूनच त्या वेळच्या बातम्यांत ‘रत्नागिरी जिल्ह्यातला’ म्हणून येतो. शेजारची सावंतवाडी तेव्हा संस्थान होती, आणि शिरोडं ब्रिटिश मुलखात. जिल्ह्याचं नाव हीसुद्धा तारखेची खूण आहे. ‘जि. कुलाबा’ दिसलं तर 1981 च्या आधीचं, ‘जंजिरा संस्थान’ दिसलं तर 1948 च्या आधीचं. पत्त्यात पिनकोड असेल तर 15 ऑगस्ट 1972 नंतरचं, आणि गाडीच्या पाटीवर एमएच-08 असेल तर 1989 किंवा त्यानंतरचं.

प्रश्न : ‘रामदास’ बोट बुडाली त्यात माझे चुलत आजोबा गेले. दर वर्षी जुलैत वृत्तपत्रांत बोटीचं एक छायाचित्र येतं. ते त्या दिवशीचं आहे का? त्यातली माणसं त्या फेरीतली असतील का? (एक वाचक, अलिबाग तालुका)

उत्तर : तुमच्या प्रश्नामागे काय आहे ते मला कळतं. त्यामुळे सरळच सांगतो : नाही.

17 जुलै 1947, गुरुवार, आषाढ अमावास्या. गटारीला घरी निघालेल्या माणसांनी भरलेली ‘रामदास’ सकाळी आठच्या सुमाराला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. वाटेत वादळी पावसात काशाच्या खडकाजवळ ती कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं, त्यामुळे मुंबईला कित्येक तास पत्ताच लागला नाही. वाचले त्यांतले अनेक आपल्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी मचव्यांत ओढून घेतले म्हणून वाचले. (आधी लिहिलं की कोकणची बोट पावसाळ्यात बंद असे, ती लांब पल्ल्याची. रेवस मुंबई बंदराच्या तोंडाशी, तिथली फेरी पावसातही चाले.)

तुम्ही पाठवलेल्या चित्रात समुद्र शांत आहे, ऊन आहे आणि बोटीची सावली पाण्यावर स्पष्ट पडली आहे. हे त्या सकाळचं असूच शकत नाही. बोट 1936 साली बांधलेली, म्हणजे अपघातापूर्वी ती दहा-अकरा वर्षं पाण्यात होती. कधीतरी टिपलेलं, बहुधा नव्या बोटीचं म्हणून काढलेलं हे चित्र आहे. दर वर्षी ते आदल्या वर्षीच्या छापील अंकावरून पुन्हा घेतलं जातं. ठिपक्यांवर ठिपके पडतात, काळं अधिक काळं होत जातं. आज त्यातली बोट जितकी अंधुक, भयाण दिसते तितकी मूळ चित्रात नव्हती. तो भयाणपणा छपाईतून आलेला आहे, त्या दिवसातून नव्हे. कठड्याशी दिसणारी माणसं कुठल्या तरी दुसऱ्याच, सुखरूप पोचलेल्या फेरीतली आहेत.

चुलत आजोबांचा शोध घ्यायचा असेल तर छायाचित्राच्या मागे लागू नका. जुलै 1947 चे अंक मुंबईच्या आणि जिल्ह्याच्या ग्रंथालयांत सलग वाचा. एक दिवसाचा नको, निदान पंधरवड्याचे वाचा. स्वातंत्र्य चार आठवड्यांवर आलं होतं, पहिली पानं फाळणीने व्यापलेली होती, म्हणून आतली पानं आणि छोट्या चौकटी सोडू नका. त्यासोबत गावातल्या जुन्या मच्छीमार घरांत जाऊन बसा. कुणाच्या वडिलांनी, आजोबांनी त्या दिवशी मचवा घातला होता हे तिथे अजून सांगतात. ते लिहून ठेवा, कारण त्याचं चित्र कुणीच काढलेलं नाही.

प्रश्न : आमच्या गावाचा इतिहास लिहितो आहे. जुन्या अंकांतली जी छायाचित्रं मिळतात ती सगळी सभा, सत्कार, उद्घाटनं यांची. शेतकरी, कोळी, हमाल कुठेच नाहीत. संपादकांना त्यांच्याविषयी आस्था नव्हती का? (एक शिक्षक, रायगड जिल्हा)

उत्तर : आस्थेपेक्षा पैशाचा प्रश्न मोठा होता, आणि तो समजून घेतल्याशिवाय या चित्रांवरून गावाचा इतिहास लिहू नये असं माझं ठाम मत आहे.

छायाचित्र छापायचं म्हणजे काय करावं लागे ते पाहा. मूळ फोटोचा पुन्हा फोटो घ्यायचा, मध्ये बारीक उभ्या-आडव्या रेघांची काच धरून. त्या काचेमुळे चित्राचे ठिपके होतात, गडद जागी मोठे, फिकट जागी लहान. ते ठिपके जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचे, आम्लाला पत्रा खाऊ द्यायचा आणि उरलेला उठाव लाकडावर ठोकून खिळ्यांच्या उंचीला आणायचा. हे काम तालुक्याच्या गावी होत नसे. फोटो मुंबईला किंवा कोल्हापूरला जाई, ठोकळा पार्सलने परत येई. त्याचा दर ठरे चौरस इंचावर. साप्ताहिकाच्या वर्गणीत असा खर्च कितीदा झेपणार? म्हणून एका रकान्याचा चेहरा परवडे, रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणारी वीस माणसं परवडत नसत. चेहराही असा निवडत की पुन्हा कामी येईल. मंत्र्यांचा ठोकळा वर्षभर चालतो. कोळणीचा एकदाच.

अलिबाग तालुक्यातल्या चरीचा शेतकरी संप घ्या. 27 ऑक्टोबर 1933 ला सुरू झाला आणि 1939 पर्यंत चालला. खोतांच्या (सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या) जमिनी कसायच्या नाहीत म्हणून आसपासच्या गावांनी शेतं पडीक टाकली, लाकूडफाटा विकून पोटं भरली. खोतीविरुद्धचं विधेयक डॉ. आंबेडकरांनी 1937 साली मांडलं, खोती रद्द करणारा कायदा 1949 चा. एवढी मोठी गोष्ट, आणि वृत्तपत्रांत तुम्ही तिचे चेहरे शोधायला गेलात तर संपाचे पुढारी नारायण नागू पाटील यांचा चेहरा सापडेल, डॉ. आंबेडकरांचा सापडेल. सहा पावसाळे नांगर न धरता काढणाऱ्या बाया-बापड्यांचे चेहरे मला आजवर सापडलेले नाहीत. चित्रांवरून इतिहास लिहिला तर हा संप दोन माणसांनी केला असं वाटेल. मजकूर मात्र बोलतो. सभेला कुठल्या गावचे लोक आले, कुणाची गुरं जप्त झाली, कुणाला दंड झाला, हे बारीक टायपात असतं. तुमचं खरं साहित्य ते आहे.

पुढे ऑफसेट छपाई आली, ठोकळा गेला आणि छायाचित्र स्वस्त झालं. तेव्हा तरी चित्र बदलायला हवं होतं. कोकण रेल्वेच्या काळातले अंक काढून पाहा, 1990 पासून 26 जानेवारी 1998 च्या लोकार्पणापर्यंतचे. चित्रं पानोपानी आहेत. रत्नागिरीजवळच्या पानवल पुलाचे 64 मीटर उंच खांब उभे राहताना दिसतात. खांबाच्या टोकावर मुंगीएवढी माणसं आहेत, आणि खाली ओळ आहे ‘काम प्रगतिपथावर’. माणसांची नावं नाहीत. पाहणीला आलेल्या पाहुण्यांची मात्र डावीकडून उजवीकडे, हुद्द्यांसकट आहेत. या बांधकामात जीव गेलेल्यांचं स्मारक रत्नागिरी स्थानकापाशी आहे. तिथून सुरुवात करा आणि मग तेच अंक पुन्हा उघडा. चित्रांखालच्या कोऱ्या जागा कुणाच्या आहेत ते कळू लागेल. माझ्या हातूनही अशा ‘एक दृश्य’ छापाच्या ओळी अनेकदा गेल्या आहेत, तेव्हाची रीतच ती होती. आता ती सुधारता येते, म्हणूनच हे सदर लिहितो आहे.

प्रश्न : 2021 च्या जुलैतल्या पुरात आमचा कात्रणांचा वहीसंग्रह भिजला. पानं एकमेकांना चिकटून वाळली आहेत. सुटी करून लॅमिनेट करावीत का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : लॅमिनेट अजिबात करू नका. उष्णतेने प्लास्टिक कागदात मुरतं आणि नंतर कुणालाही ते काढता येत नाही. आत अडकलेला आम्लयुक्त कागद मात्र पिवळा होत राहतो. चिकटपट्टीही नको, तिचा गोंद तपकिरी होऊन अक्षरं खातो.

चिकटलेली पानं ओढू नका. आधी वहीची आहे त्या अवस्थेत, पानोपान जेवढं दिसतं तेवढं छायाचित्रण करून घ्या. जी पानं हलक्या हाताने, बोथट सुरीच्या पात्यावर अलगद सुटतील तेवढीच सोडवा. उरलेली कागद जतन करणाऱ्या जाणकाराला दाखवा. वहीत स्टुडिओतले चकचकीत फोटो असतील तर ते वेगळे काढून ठेवा, त्यांचे उपाय वेगळे आहेत आणि त्यांतले बरेच वाचतात. वृत्तपत्राचा कागद तेवढा चिवट नाही.

तुमच्या गावच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचनमंदिराने 2005 आणि 2021 असे दोन्ही पूर सोसले. 1864 ची संस्था. तिथल्या मंडळींना ओल्या कागदाचा जो अनुभव आहे तो पुस्तकात मिळणार नाही, त्यांना जाऊन भेटा. आणि वही यापुढे तळमजल्यावर ठेवू नका.

प्रश्न : जिल्हा नगर वाचनालयात जुने बांधीव अंक मोबाइलने टिपायची परवानगी मिळाली आहे. काय काळजी घ्यावी? (एक विद्यार्थिनी, रत्नागिरी)

उत्तर : 1828 पासूनचं वाचनालय आहे, तिथे बसून काम करायला मिळतंय हे भाग्य समजा.

फ्लॅश बंद. खिडकीजवळ बसा, पण थेट उन्हात नाही. टिपायच्या पानामागे काळा कागद सरकवा, म्हणजे पाठीची अक्षरं चित्रातून डोकावणार नाहीत. बांधणी घट्ट असेल तर खंड सपाट दाबू नका, दोन्ही बाजूंना उशी द्या. पडद्यावर चित्रावर लाटांसारखी नक्षी दिसली तर घाबरू नका, छपाईचे ठिपके आणि कॅमेऱ्याचे ठिपके एकमेकांत अडकतात. थोडं जवळ किंवा लांब जा, नक्षी जाते.

प्रत्येक चित्रासाठी तीन फोटो घ्या : आधी अख्खं पान नाव-तारखेसह, मग चित्र आणि त्याखालची ओळ, मग त्याच पानाची पाठ. नुसतं चित्र टिपून आणलंत तर डोंबिवलीच्या वाचकासारखं तुम्हालाही उद्या फाटक्या कोपऱ्यावरून साल शोधावं लागेल. घरी येऊन फाइलला लगेच नाव द्या, त्यात अंक, तारीख, पान क्रमांक. हे काम उद्यावर टाकलं की ते होत नाही.

चित्रांच्या प्रती घेऊन मांडवीला, मिरकरवाड्यात, राजिवड्यात ऐंशीच्या पुढच्या माणसांकडे जा. ‘हे अमुकच ना?’ असं विचारू नका, त्या होकाराला अर्थ नसतो. चित्र हातात द्या आणि गप्प बसा. आधी जागा ओळखतात, मग होडी कुणाची ते, आणि शेवटी माणसं. बोलणं फोनवर ध्वनिमुद्रित करा आणि नावं वेगळ्या कागदावर पेन्सिलीने, डावीकडून उजवीकडे लिहा. दोघांनी दोन नावं सांगितली तर दोन्ही लिहा, सांगणाऱ्यांच्या नावांसह. त्यातली एक प्रत वाचनालयाला द्या, त्याच खंडात ठेवायला.